केळदच्या खिंडीत तीन नंबरचा प्लग

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आत्याला सोनं द्यायला पासलीला जायचं, हे आमच्याकडे ठरलेलंच असतं. यंदा मात्र एक अट होती. जाता-येता गाडी अण्णा चालवणार, मी शेजारी बसणार, आणि घरी परतल्यावर किल्ली त्यांच्याकडे राहायची की माझ्याकडे यायची, याचा निकाल लागणार. अण्णा म्हणजे माझे वडील. पंचाहत्तरी उलटलीय. उभा जन्म वेल्ह्याचा तांदूळ टेम्पोतून पुण्याला आणण्यात गेला. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, अण्णांनी आता गाडी चालवू नये. अण्णांचं म्हणणं, माझ्या नवऱ्यानं कधीच चालवू नये. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, म्हणून अट मी घातली.

गाडी पेट्रोलची आहे आणि इतकी जुनी, की तिच्याच वयाची शेजारची मुलगी आता इंजिनियर झाली. दसऱ्याला अण्णांनी ती धुतली. त्यांचं गाडी धुणं म्हणजे बॉनेट उघडून इंजिनालाही पाइपानं अंघोळ. "वर्षभर राबतंय ते, आन् आंगोळ बाकीच्यांना व्हय?" असं ते म्हणतात. अंघोळ झाली की ओल्या इंजिनावर हळद-कुंकू, मग झेंडूचा हार, मग चाकांखाली लिंबं. मी नमस्कार केला आणि आपट्याची पानं डिकीत ठेवली.

निघायचं असेल तर लवकर निघा, कात्रजच्या पुढे ट्रक फार असतात. पेट्रोल नसरापूरला भरून घ्या. पुढे मिळेल, मिळणार नाही, मिळालं तर पंपावरचा माणूस जेवायला गेलेला असेल. नसरापूरला आम्ही वडापाव खाल्ला. वडा गरम होता आणि चहा वड्याहून गोड होता. मार्गासनीला पालीकडे जाणाऱ्या फाट्यावर राजगडाला निघालेल्या पोरांच्या बाइक लागल्या होत्या. प्रत्येकाच्या पाठीवर एवढी सॅक होती, की ती गडावर राहायलाच निघाली असावीत. दोन्ही बाजूंना भात पिवळा पडायला लागलेला. ह्या दिवसांत हा रस्ता नुसता बघण्यासाठी केला तरी चालेल.

विंझरच्या पुढे एक एसटी मागे लागली. हॉर्न, हॉर्न, पुन्हा हॉर्न. अण्णा रस्त्याच्या मधोमध, भात बघत. शेवटी मी त्यांच्या दंडाला हात लावला, तेव्हा त्यांनी गाडी बाजूला घेतली. एसटी शेजारी आली, आणि ड्रायव्हरनं खिडकीतून विचारलं, "आजोबा, हॉर्न ऐकू येत न्हाई का?"

"येतोय की," अण्णा म्हणाले. "म्हणून तर बाजूला घेतली."

मी मनात हट्टीपणाची एक फुली मारली. अण्णा हट्टी आहेत हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. हाक मारली की वळत नाहीत, सांगितलेलं करत नाहीत, टीव्ही लावला की शेजारच्यांना बातम्या फुकट.

पासलीत आत्यानं नाचणीच्या भाकरी, काळ्या वाटाण्याची आमटी आणि इंद्रायणीचा भात वाढला. कुणाच्या घरी उतरायची सोय नसेल तर वेल्ह्यात आधी सांगून ठेवा, जेवण मिळतं. आत्या अण्णांशी बोलताना पलीकडच्या वावरातल्या माणसाला हाक मारल्यासारखी बोलत होती. "दादा, भात घेतोस का!" मी म्हटलं, "आत्या, हळू की. ते समोरच बसलेत." ती म्हणाली, "आगं, हळू बोललं की त्यो माझं ऐकतच न्हाई." म्हटलं, आमच्याकडेही तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी खोकत खोकत सुरू झाली. "थंडी हाय," अण्णा म्हणाले. ऑक्टोबर होता. आत्या पदरानं वारा घेत होती.

परत येताना आलेल्या रस्त्यानं न येता केळदवरून खिंड चढून भोरला उतरायचं ठरलं. चढ जरा अंगावर येतो, पण मागे वळून बघितलं की जन्माचं सार्थक होतं. आम्हाला मागे वळून बघता आलं नाही, कारण चढ लागला आणि गाडी थरथरायला लागली. इंजिन मध्येच एक ठोका गाळायचं, मागून सायलेन्सर फट करायचा, परत एक ठोका गाळायचं.

"अण्णा, गाडी झटके देतेय."

"रस्ता खराब हाय."

रस्ता नवा होता. मागून एक सायकलवाला आला, आमच्याकडे सहानुभूतीनं बघत पुढे गेला. मग मात्र मी अण्णांना गाडी बाजूला घ्यायला लावली. इंजिन चालूच ठेवून त्यांनी बॉनेट उघडलं, वाकून कान लावला आणि जाहीर केलं, "चारीबी प्लग चालू हायत."

"अहो, फट-फट येतंय ना?"

"कुठं?"

त्यांचं हे 'कुठं' भांडणातलं नव्हतं. ते खरोखर विचारत होते.  मग ते सीटखालून कोरडं फडकं काढून त्याची घडी घालत म्हणाले, "म्या एकेका प्लगची वायर काढतो. जी काढल्यावर इंजिन मरगळंल, त्यो प्लग चांगला. जी काढून काईच फरक पडणार न्हाई, त्यो बाद. तू निस्तं ऐकायचं."

(नव्या गाडीवर हा प्रयोग करू नका. जुन्या गाडीवरही अण्णा शेजारी असतील तरच करा.)

त्यांनी पहिली वायर काढली. इंजिन बसायला आलं. "आवाज बदलला," मी ओरडले. वायर परत बसली. दुसरी काढली. "बदलला." तिसरी काढली. काहीच झालं नाही, इंजिन होतं तसंच रडत राहिलं. मी तोंड उघडायच्या आतच अण्णा म्हणाले, "हीच."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. अण्णा इंजिनाकडे बघतच नव्हते. तिन्ही वेळा ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

मला एकदम रडूच आलं. ज्या माणसानं जन्मभर नुसत्या आवाजावरून टेम्पोचं दुखणं सांगितलं, तो आता खिंडीत उभा राहून पोरीच्या चेहऱ्यावरून इंजिन ऐकत होता. आणि आम्ही सगळे घरात त्याला हट्टी म्हणत होतो. मी बाटलीतलं पाणी प्यायल्यासारखं केलं.

अण्णांनी इंजिन बंद केलं आणि वायरचं रबर पूर्ण उपसलं. प्लगच्या खड्ड्यात पाणी साचलेलं होतं. साधं पाणी नाही, पिवळं-तांबडं, हळद-कुंकवाचं. तीन नंबरचा प्लग दसऱ्यापासून तीर्थात बसला होता. ठिणगी पडायची ती पाण्यातून भलतीकडेच जात होती, आणि चढावर जोर लागला की पार दम तोडत होती. अण्णांनी बराच वेळ त्या पाण्याकडे बघितलं.

"जास्तच पूजा झाली," ते म्हणाले.

माझ्या ओढणीच्या टोकाची वात करून आम्ही खड्डा टिपून घेतला. ओढणीवर डाग पडला, तो अजून आहे. प्लग पुसला, रबर उन्हात बॉनेटवर वाळत ठेवलं आणि खिंडीत बसून आत्यानं दिलेली भाकरी-चटणी खाल्ली. आता मागे वळून बघायला वेळ होता. सगळं वेल्हं खाली पसरलेलं, ऊन भातावर पडलेलं.

रबर बसवलं आणि गाडी अशी सुरू झाली, की जणू काही झालंच नव्हतं. मी माझ्या बाजूला जायला निघाले, तर अण्णा तिथं आधीच जाऊन बसले होते.

"तू चालव," ते म्हणाले. "तुला ऐकू येतंय."

खिंडीपासून भोरपर्यंत मी चालवली. भोरला जेवलो, कापूरहोळला हायवेला लागलो. वाटेत अण्णांनी मला गियर कधी बदलावा ते प्रत्येक वळणावर सांगितलं. एरवी मी चिडले असते. त्या दिवशी सांगू दिलं.

घरी नवऱ्यानं विचारलं, "कशी चालवली अण्णांनी?" त्याला निकाल हवा होता. मी चपला काढत होते, तेवढ्यात अण्णांनीच खिशातून गाडीची त्यांच्याकडची दुसरी किल्लीही काढून टेबलावर ठेवली. "तीन नंबर मिस करत व्हता," ते म्हणाले. "हिला ऐकू आलं. मला न्हाई." आणि हातपाय धुवायला निघून गेले. आमचा निकाल इतका साधा लागेल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

ह्या रस्त्यानं जाणार असाल तर दिवाळीच्या आत जा, भात उभा असतो. आमच्याकडे त्या सहलीचं काय उरलं म्हणाल, तर अण्णांच्या कानाला आता मशिन आहे. ते बसवून आणलं त्या दिवशी अण्णा घरात आलेच नाहीत. सरळ पार्किंगमध्ये जाऊन गाडीशेजारी उभे राहिले आणि मला म्हणाले, "चालू कर."

मी चालू केली. त्यांनी डोळे मिटून बराच वेळ ऐकलं.

"लई खडखड करती गं," ते म्हणाले. "कवापासनं?"

"दोनेक वर्षं झाली."

"मग मला सांगायचं न्हाई व्हय?"

"सांगत होते, अण्णा."