उजव्या बाजूचं निशाण

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण ही गोष्ट सांगताना मी मधेच लाजते आणि मग पुढचं सगळं राहून जातं. तसंही बुलडाण्यात आमच्या गल्लीला ती कधीच पाठ झाली आहे!

तर आमचे सासरे. आम्ही सगळे त्यांना बाबा म्हणतो. हवाई दलात हेलिकॉप्टरचे मेकॅनिक होते. रिटायर झाल्यावर लोक शेतीत रमतात, नाहीतर चौकात बसून सरकार चालवतात. बाबा प्लॅस्टिकची वीतभर हेलिकॉप्टरं जोडतात. यंदा त्यांनी 'चेतक' जोडलं. ज्याच्या पोटात शिरून त्यांनी आयुष्य काढलं, तेच! पण खोक्यातली चिकटवायची निशाणं निघाली परदेशी.

"आपल्या चेतकवर परक्याचं निशाण? त्यापेक्षा उघडं राहू दे," बाबा म्हणाले आणि ताटावरून उठले.

आणि मी! कॉम्प्युटर शिकलेली सून! माझ्या तोंडून निघून गेलं, "मी बनवते ना बाबा, त्यात काय!"

त्यात काय, ते ऐका. या निशाणांचा एक खास कागद असतो. त्यावर छापायचं, वार्निश मारायचं, कापायचं, पाण्यात बुडवायचं. मग वरची पातळ पापडी कागदावरून सुटते आणि घसरत मॉडेलवर जाऊन बसते. मी आधी पारदर्शक कागद मागवला. आता आपलं गोल निशाण म्हणजे मध्ये केशरी, मग पांढरं, बाहेर हिरवं. आणि प्रिंटर पांढरा रंग छापतच नाही! हे मला कधी कळलं? निशाण चिकटवल्यावर. मग पांढरा कागद मागवला आणि वार्निश मारायला विसरले. पाण्यात टाकलं तर वाटीत नुसतं सरबत!

शेवटी उरलेल्या तुकड्यावर दोनच गोल बसले. एक डाव्या बाजूला, एक उजव्या. आणि त्याच दिवशी दुपारी बाबांचे जुने पायलट साहेब शेगावला दर्शनाला जाता जाता आमच्याकडे येणार होते. खास चेतक बघायला! बाबांनी सकाळीच इस्त्रीचा शर्ट घातला होता.

आता ओवीबद्दल सांगायला हवं. माझी लेक, नुकतीच रांगायला लागलेली. जमिनीवर जे दिसेल ते तोंडात. आणि मी कशी? उशीच्या खोळीची बटणं काढून तिथे नाड्या शिवणारी. टिकली लावणंसुद्धा सोडून दिलं होतं. ओवीने ओढून गिळली तर?

आमच्या सासूबाई धाड गावच्या. त्यांना ते अजिबात रुचलं नव्हतं. "कपाळ असं भुंडं ठेवते का कोणी व बाई?" शेवटी नवऱ्याने त्यांना हात जोडून सांगितलं, की आई, टिकलीवरून तिला बोलू नकोस. तेव्हापासून त्या नुसता उसासा टाकत.

असो. डावं निशाण मी पट्टी धरून, श्वास रोखून लावलं. तरी वाकडं बसलं. उजवं पाण्यातून काढलं, अलगद बोटावर घेतलं आणि ओवीने भोकाड पसरलं! दिवाणाखाली शिरून अडकली होती. मी धावले, डोळ्यांवर आलेले केस मागे सारले, तिला ओढून काढलं. परत येऊन बघते तर बशीत नुसता कोरा कागद. निशाण गायब!

आणि ओवीचं तोंड हलत होतं.

"आ कर! ओवी, आ कर गं!"

तिने तोंड जे मिटलं, ते मिटलंच.

"आई! बाबा! हिने निशाण गिळलं! वार्निशसकट!"

बाबा टॉर्च घेऊन जमिनीवर पालथे. "कुठं जाईल? इथंच असेल. कोणी पाय हलवू नका!"

सासूबाई धावत आल्या. ओवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एकदम थबकल्या. मग काय म्हणाल्या माहीत आहे? "रडू नको व. आज किती चांगली दिसून राह्यली तू."

मला वाटलं, धक्क्याने यांचं डोकं फिरलं!

बाबांनी स्कूटी काढली, मी ओवीला पोटाशी धरून मागे. दवाखान्यात ही गर्दी! सगळे माझ्याकडेच बघत होते. बरोबरच आहे, मी मोठ्याने रडत होते. बाकड्यावरचे एक आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, "काऊन बे, आज पंधरा ऑगस्ट हाय का?" मला त्याचा अर्थ लागला नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "काय गिळलं?"

"हवाई दलाचं निशाण."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "केवढं होतं?"

"टिकलीएवढं."

"रंग?"

"मध्ये केशरी, मग पांढरं, बाहेर हिरवं..."

"म्हणजे तुम्ही लावलंय तसं?"

"मी कुठे काय लावलंय? मी तर टिकली लावतच ना..." आणि माझा हात कपाळाला गेला.

ओवीने तेवढ्यात तोंड उघडलं. आत भिजलेला मुरमुरा.

बाबांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्या कपाळाकडे नीट पाहिलं. "हात लावू नको!" ते ओरडले. "फाटेल!" नातीचा जीव वाचला, आता निशाणाचा वाचवायचा होता.

घरी आल्यावर सासूबाई काय ते बोलल्या. "मले तं वाटलं, शेवटी लावली बाई हिनं टिकली! बोलली असती तं तू काढून फेकली असती. म्हून मी गपच राह्यली!"

मग मला दिवाणावर आडवं केलं. सासूबाई ओला कापूस कपाळावर दाबत होत्या आणि बाबा चिमटा घेऊन उभे. "सावकाश. कडेनं सुटू दे. वर्षा, भुवई हलवू नको!"

नेमके तेव्हाच साहेब दारात!

बाबांनी चिमट्यासकट सॅल्यूट ठोकला. "साहेब, उजव्या बाजूचं काम चालू आहे."

साहेब जवळ आले, वाकून माझ्या कपाळाकडे बघत राहिले. "शाब्बास! काय बसवलंय! अगदी मधोमध, कुठे सुरकुती नाही." मग त्यांनी टेबलावरचं चेतक उचललं, डावी बाजू डोळ्यांजवळ नेली आणि त्यांचा चेहरा पडला.

"आणि हे वाकडं कोणी लावलं?"

मी पडल्या पडल्याच हात वर केला.