तेलुपेच्या दारातलं थडगं

आमच्या तुवालूत माणूस गेला की दारातच पुरतात. शेजारची तेलुपे रोज नवऱ्याच्या थडग्यावर मासे वाळत घालते आणि त्याच्याशी भांडते. फिजीत राहणारी तिची लेक लोसा तिला कायमची न्यायला आली.

“आई, आमच्याकडे नळाला दिवसभर पाणी, मोठं इस्पितळ. इथं भरतीला समुद्र अंगणात शिरतो!”

“आणि तिथं पुरतात कुठं?”

“शहराबाहेर. बस जाते की.”

तेलुपेनं हातातला मासा थडग्यावर आपटला. “म्हणजे नवऱ्याशी भांडायला मी बस पकडू?”

“अगं, उद्या समुद्र घरात आला म्हणजे?”

“येऊ दे मेल्याला! म्हणावं, आधी या म्हाताऱ्याला हलवून दाखव, मग मी हलते.”