परमिट नसलेल्यांची बैठक

शोभा, सरक इकडं. जवळ बस. आणि तो पदर खाली घे, गालावरचं दिसलंय मला. दारातच माझ्या सुनेला सांगितलंस, पाय घसरला म्हणून. मलाही तेच सांगणार होतीस? वेडी कुठली. ऐक आता, मधे बोलू नको.

एका मोठ्या डॉक्टरच्या दवाखान्यात भरल्या माणसांत मला हसले होते. "गादीवर नको, खाली बसा," तिथली बाई म्हणाली. तुझे काका भिंतीला टेकून खाली बसले. मीही बसले. वर गादीवर सफारी घातलेली माणसं. त्यातल्या एकानं विचारलं, "बेन, तमारे पण परमिट जोइए?" दुसरा म्हणाला, "पोटलीवाळाने परमिट ना होय." पोटलीवाल्याला कसलं परमिट, म्हणे. सगळे हसले. डॉक्टर दारात उभा होता, तोही हसला.

मला कळेचना काय हसतात.

सुरतेतल्या प्लेगनंतरची गोष्ट ही. साथीत आम्ही धुळ्याकडं पळालो होतो, परत आलो. हे पुन्हा उधन्याला कापडाच्या लूमवर लागले, मी घरी साड्यांचे धागे कापायची. आणि ह्यांची दारू अशी वाढली की सकाळी पोटली पोटात गेल्याशिवाय बनियनसुद्धा घालवेना. गुजरातेत दारूबंदी, म्हणून गल्लीत पिशवीतून विकतात ती पोटली. मग एका सकाळी मोरीत रक्त ओकले. मी तांब्यातांब्यानं धुतलं, तरी फरशीच्या सांध्यात राहिलंच.

शेजारची बाई बंगल्यावर भांडी घासायची. ती म्हणाली, माझा शेठ दारूपायी त्या डॉक्टरकडं जातो. मला वाटलं, सोडायलाच जात असणार. दुसरं कशाला जाईल माणूस डॉक्टरकडं? ह्यांना हाताला धरून नेलं.

तिथं कळलं. ती माणसं सोडायला नव्हती आली. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, तब्येतीसाठी दारू लागते, असा कागद घ्यायला आली होती. कागद मिळाला की परमिट. परमिट मिळालं की राजरोस प्या.

"माझ्या माणसाची सोडवा," मी म्हणाले.

डॉक्टर आमच्याकडं बघतही नव्हता. गादीवरच्यांना म्हणाला, "आ लोको तो पीवा माटे ज जन्मे छे." आम्ही प्यायलाच जन्मतो, म्हणे.

मी त्या परमिटचं विचारणाऱ्याच्या हाताकडं बघत होते. पेला धरला होता पाण्याचा. पाणी हिंदकळत होतं. ह्यांचा हात जसा हलायचा, अगदी तसाच. एकच रोग गं. त्याला गादी, ह्यांना फरशी. त्याला कागद आणि ह्यांना लॉकअप.

जिना उतरताना कंपाउंडर मागून आला. हळूच म्हणाला, चर्चच्या शाळेत मागच्या खोलीत रविवारी पिणारे बसतात. सोडायला. पैसे घेत नाहीत.

रविवारपर्यंत मी ह्यांना कसं धरून ठेवलं ते विचारू नको. गेलो. दार बंद. आतून एक माणूस मोठ्यानं सांगत होता, मी दारुडा आहे. हे जागीच थांबले. "आठे पोलीस इतीन. चाल घर." इथं पोलीस येतील हे खरंच होतं त्यांचं. बंदीच्या राज्यात पितो म्हणायचं म्हणजे गुन्हाच कबूल करायचा. मलाही वाटलं, जावं. पण घरी ती मोरी होती.

मी दार वाजवलं. इस्त्रीच्या शर्टातला एक जण आला. आम्हाला वरून खाली बघितलं. ह्यांच्या केसांत लूमचा कापूस.

"कहाँ से?"

"लिंबायत."

"यहाँ जगह नहीं है. ऐसे लोगों के पीछे पुलिस आती है."

तो दार लोटायला लागला. मी पाय घातला मधे. कुठून आलं अंगात, माहीत नाही. म्हणाले, "तुमको परमिट है क्या?"

त्यानं माझ्या मागं रस्त्याकडं बघितलं.

"नहीं है ना? फिर तुम भी चोर, हम भी चोर. सरको."

आतून कुणीतरी म्हातारं हसलं. "आने दे रे, बाई हिसाब का बोल रही." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. इस्त्रीवाला बाजूला झाला.

आणि ऐक, मी खाली नाही बसले. ह्यांना खुर्चीवर बसवलं, शेजारच्या खुर्चीवर मी. पाळी आली तेव्हा हे अहिराणीत बोलले. रडले. तिथं कुणाला कळलं असेल, देव जाणे. कुणी उठून गेलं नाही, एवढं खरं.

हे सुटले असं खोटं मी तुला सांगणार नाही. सोडायचे, परत पडायचे. मी परत न्यायची. शेवटी पोट फुगून गेले. लोक म्हणाले, काय मिळालं तुला?

मी भेस्तानला ह्या खोलीत दर रविवारी सतरंजी घालायला लागले, दारू सोडू बघणाऱ्यांसाठी. आपली माणसं आपल्या बोलीत बोलतात इथं. पिऊन आला तरी आत घेते. घरमालक म्हणाला, चाळीचं नाव जातं, खोली खाली कर. म्हटलं, नाही करणार. सामान रस्त्यावर टाकलंस तर रस्त्यावर बसवीन सगळ्यांना, तुझ्याच दारासमोर.

तुझ्या पिणाऱ्या नवऱ्याला इथं यायला सांग. नाही आला तर त्याला तिथंच सोड आणि पोरांना घेऊन तू ये. मार खात त्याची वाट बघत बसू नको. ह्या रविवारीच ये, शोभा. पुढच्या नको.