वाफेच्या इंजिनाची ओढ

मी आज जो काही आहे तो सिरसाळ्याच्या शाळेतल्या माझ्या विज्ञानाच्या सरांमुळे. हे वाक्य मी अनेकदा बोललो आहे, पण आज ते लिहावंसं वाटलं ते कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यामुळे. त्याने विझवायच्या कोळशांवर पाणी शिंपडलं, राख मिसळलेल्या वाफेचा दमट वास उठला, आणि हातात शर्टांचं गाठोडं घेऊन पुण्याच्या फुटपाथवर उभा असलेला मी थेट सिरसाळ्याला, सरांच्या अंगणात जाऊन पोचलो.

माझे वडील मेंढ्या राखायचे. दिवाळी सरली की कळप निघायचा आणि कळपाबरोबर आमची शाळा सुटायची. आठवीच्या वर्षी सर माळावर आमच्या पालापाशी आले, वडिलांशेजारी घोंगडीवर बसले आणि म्हणाले, "मेंढरं तुमची तुमी न्या. ह्याला माझ्याकडं राहू द्या." मी राहिलो. पदवीपर्यंत पोचलेला आमच्या घरातला पहिला माणूस मी, आणि त्याची सुरुवात त्या घोंगडीवर झाली.

त्याच वर्षी सरांनी वाफेचं छोटं इंजिन करायला घेतलं. हातभर लांब, खऱ्या कोळशावर चालणारं. बॉयलरसाठी काकूंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, तांब्याचा जुना बंब कापला गेला आणि काकू कितीतरी दिवस सरांशी धड बोलल्या नाहीत. अंगणात रूळ टाकले. इंजिन पळालं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, सरांनी नाही. "पळणं सोपं असतं," ते म्हणाले, "ह्याची ओढ किती, ते बघू." मग त्यांनी ताणकाट्याचं, म्हणजे स्प्रिंगच्या वजनकाट्याचं, एक टोक लिंबाच्या बुंध्याला बांधलं, दुसरं इंजिनाला, आणि वाफेची चावी हळूहळू उघडली. इंजिन जागचं न हलता पुढे ओढत राहिलं, काटा सरकत गेला, आणि चाकं घसरून गरगरली त्या क्षणी सरांनी आकडा वाचला. घसरण्याच्या अगदी आधी जेवढं ओढलं, तेवढीच ओढ खरी. किती वेगळ्या गोष्टींसाठी आपण हा एकच शब्द ठेवला आहे, असं तेव्हा मनात आलं नव्हतं. आता येतं.

कारण आता त्या अंगणात माझ्या जागेवर माझा वर्गमित्र बसतो. बागायतदाराचा मुलगा, शाळेत सरांचा तास चुकवून चिंचेवर चढणारा. शिकायला बाहेर गेला नाही, गावातच राहिला, आणि सर निवृत्त झाल्यावर कधीतरी त्यांच्याकडे जाऊ लागला तो जातोच आहे. आता त्यानेही शेतातल्या विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत बसून एक इंजिन केलं आहे. सरांना तो काका म्हणतो. त्यांचा चष्मा त्याला न विचारता सापडतो. मी सरांना फोन केला की मागून त्याचं हसू ऐकू येतं. हेवा हा शब्द याला फार सभ्य आहे. आमच्याकडे सरळ म्हणतात, जळतंय.

गेल्या खंडेनवमीला मी माझं इंजिन घेऊन गेलो. पुण्यात, रात्रीची झोप मोडून केलेलं. सरांचा मुलगा अंगणात खोल्या बांधणार होता, रूळ निघणार होते. सर गमतीने म्हणाले होते, "ज्याच्या इंजिनाची ओढ जास्त, त्यानं रूळ न्यायचे." त्यांच्यासाठी गंमत होती. मला मात्र ते रूळ हवेच होते.

पहिली पाळी माझी. वाफ चढली, चावी उघडली, आणि चाकं नुसती जागच्या जागी भिरभिरली. काटा थरथरला आणि गप्प झाला.

"आरं बे, तुझं इंजिन लई शिकलेलं हाय," वर्गमित्र म्हणाला. "वडायची लाज वाटती त्याला!"

सर खाली वाकले, रुळावरून बोट फिरवलं, वास घेतला. मग घराकडे बघून हाक दिली, "रुळाला तेल कुणी लावलं?"

"मी लावलं," काकू आतून म्हणाल्या. "खंडेनवमी हाय. कात्रीला लावलं, विळीला लावलं. रूळ लोखंडाचे न्हाईत का?"

सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. काकूंनीच मग चुलीतली राख आणून भांडी घासावी तसे रूळ घासले. पुन्हा चाचणी झाली. त्याचा आकडा चांगला आला, माझा त्याहून चांगला. मी जिंकलो. तो म्हणाला, "घिऊन जा बाबा, तुझेच हाईत," आणि हे त्याने इतक्या मोकळेपणाने म्हटलं की मला आणखीच जळलं. संध्याकाळ झाली तशी त्याने जीप काढली. सर रोजच्यासारखे त्याच्या शेजारी चढून बसले, शेतावर हुरड्याची ज्वारी पेरली होती ती बघायला. मी अंगणात बसून रुळांचे नट सोडवत राहिलो. ओढ माझ्या इंजिनाची जास्त भरली होती, आणि सर तिकडे निघाले होते. काटा इंजिनाला बांधता येतो. माणसाला कुठे बांधणार?

परवा मी सरांना पत्र पाठवलं. ते असं:

"तीर्थस्वरूप सर, साष्टांग नमस्कार.

रूळ टेम्पोने पाठवले आहेत. ते त्याच्या शेतात टाका. माझ्या गॅलरीत ते भिंतीला टेकून उभे होते. हा माझा मोठेपणा समजू नका. मला अजूनही त्याचा हेवा वाटतो, आणि तो जाईल असं दिसत नाही. पण रूळ इथे ठेवले म्हणून तुम्ही इथे येणार नाही, आणि तिथे तुमचं इंजिन फडताळात पडून राहील, एवढं मला कळलं. दिवाळीत मी येतो. त्या दिवशी तुम्हाला शेतावर न्यायला मी येईन. त्याला सांगा, जीप काढायची नाही."