डाव्या दारातली सम

आमच्या वहिनींच्या पर्समध्ये एक वेळ रुमाल नसेल, पण स्क्रू ड्रायव्हर असायचाच. लग्नाला पैठणी नेसून आल्या तरी असायचा. एकदा माझ्या चुलतजावेकडे हळदीकुंकवाला गेलो, तर तिथे डोक्यावरचा पंखा करकरत होता. वहिनींनी थोडा वेळ सहन केलं आणि मग स्टूल मागितलं. एका हाताला हळद आणि दुसऱ्या हाताला ग्रीस, अशा त्या घरी परतल्या.

हुबळीत विद्यानगरच्या एका कॉलेजात त्या पदार्थविज्ञान शिकवायच्या. घरातलं काही बिघडलं की त्याच दिवशी उघडायचं, हा त्यांचा नेम. ‘वन्सं, आजारी माणसाला आपण उद्या बघू म्हणतो का?’ असं मला विचारायच्या. निघालेले स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने जुन्या मिसळणाच्या डब्यातल्या वाट्यांत पडायचे. माझा थोरला भाऊ अण्णा, म्हणजे वहिनींचे यजमान, धारवाडच्या कोर्टात वकील. त्याला साधा खिळा ठोकता येत नसे. ‘आज आमटीला स्क्रूची फोडणी दिलीस का?’ एवढं विचारण्याचं काम तो करायचा.

सत्तरचं दशक संपता संपता अण्णाने कुणा निवृत्त साहेबाची जुनी परदेशी गाडी घेतली. तिच्या दोन्ही दारांत कंपनीनेच स्पीकर बसवून दिलेले होते, आणि तेवढ्यावरच तो भाळला. गाडी चालवायच्या वहिनी. अण्णा डाव्या बाजूला, कोपर खिडकीबाहेर. धारवाडच्या पाण्यातच गाणं आहे म्हणतात. अण्णा ते पाणी जरा जास्तच प्याला होता. कॅसेट लागली, ख्याल रंगात आला, की दर समेला त्याची अंगठी दाराच्या पत्र्यावर ठक्‌कन वाजायची.

‘अहो, रंग उडतोय तिथला,’ वहिनी करवादायच्या.

‘उडू दे. सम आल्यावर गप्प बसायला मी काय न्यायाधीश आहे?’

एका रविवारी दोघं हुबळीहून माझ्याकडे धारवाडला जेवायला निघाले होते. मी पानं मांडून वाट बघत होते. वाटेत रायापूरच्या जवळ सम आली आणि ठक्‌ झालं नाही. वहिनींनी मान वळवून पाहिलं. पुढचं त्या मलाही कधी सांगत नसत. डॉक्टर म्हणाले, हृदय. वहिनी रडल्या नाहीत. तेराव्याला आलेल्या बायका त्यावरूनही कुजबुजल्या; त्यांना काहीतरी लागतंच.

गाडी बरेच महिने ताडपत्रीखाली होती. मग एके दिवशी ती माझ्या दारात येऊन उभी राहिली. वहिनी उतरल्या नाहीत. ‘वन्सं, बसा. मागे बसा,’ म्हणाल्या. गाडी सुरू करून त्यांनी कॅसेट लावली. सम आली, आणि पुढच्या रिकाम्या सीटच्या बाजूने, डाव्या दारातून आवाज आला. ठक्‌. पुन्हा सम, पुन्हा ठक्‌. मी देवाचं नाव घ्यायलाही विसरले.

‘स्पीकरचा कागद कडेने फाटलाय,’ रस्त्यावरची नजर न काढता वहिनी म्हणाल्या. ‘समेला तबलजी डग्ग्यावर जोरात थाप देतो. त्या हादऱ्याने सुटलेली कड जाळीवर आपटते. बाकी काही नाही.’

‘मग बदलायचा ना?’

‘बदलू की.’

आणि आजारी माणसाला उद्यावर न टाकणाऱ्या आमच्या वहिनींनी तो स्पीकर वर्षभर तसाच ठेवला. दर रविवारी आम्ही दोघी त्या रस्त्याने जायचो. कारण माहीत असूनही समेची वाट बघायचो, आणि ठक्‌ झालं की एकमेकींकडे बघायचं टाळायचो. मी शाळेत मुलांना भुतं नसतात म्हणून दरडावणारी बाई. पण त्या पुढच्या सीटवर मी चुकूनही पिशवी ठेवली नाही. मला भीती वाटत होती, आणि तो आवाज थांबेल याची भीती त्याहून जास्त वाटत होती.

पण कागदच तो, फाटत गेला. ठक्‌ समेच्या आधीच व्हायला लागलं, मग मधल्या मात्रांवर, मग कुठेही. एकदा गायक नुसती आलापी करत होता आणि दारातून ठकठक चालू होती. वहिनींनी कॅसेट बंद केली.

‘हे ह्यांना शोभत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘जन्मात कधी बेताल झाले नाहीत.’

पुढच्या शनिवारी आम्ही हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातून नवे स्पीकर आणले. दुकानदार सोबत माणूस द्यायला निघाला, तर वहिनींनी नको म्हटलं. ‘नीव हाकतीरेन्री, अक्का?’ तुम्हीच बसवणार का, असं त्याने डोळे मोठे करून विचारलं. ‘हूं री, नान हाकतेनी,’ मीच बसवणार, असं सांगून वहिनी निघाल्या.

अंगणात सतरंजी घालून त्यांनी गाडीचं डावं दार उघडलं. काच फिरवायचा दांडा काढला, मग हात टेकायची पट्टी, मग आतल्या पुठ्ठ्याच्या क्लिपा बोटांनी चाचपत एकेक सोडवल्या. जुना स्पीकर बाहेर आला तेव्हा त्याचा काळा कागद अर्ध्या कडेने लोंबत होता. तारा अदलाबदल होऊ नयेत म्हणून त्यांनी एका तारेला दोरा बांधला. मग कात्री हातात धरून नुसत्याच बसून राहिल्या.

‘मी कापू का?’ मी विचारलं.

‘नको. ह्यांचं मीच करते.’

तार कापली. नवा स्पीकर जुन्या भोकात बसेना, तेव्हा कानशीने पत्र्याची कड घासली. उजव्या दारातलाही बदलला.

संध्याकाळी आवाज तपासायला निघालो. ‘पुढे बसा, वन्सं. डावी बाजू कशी वाजते ते सांगा.’ मी अंग चोरून पुढे बसले. तानपुरा इतका स्वच्छ ऐकू येत होता की मी त्यांच्या हाताचं कौतुकही केलं. रायापूर आलं. गायक समेकडे निघाला तसा आम्ही दोघींनी श्वास रोखला. सम आली. भरदार, सुरेख, जागच्या जागी. आणि नुसतीच निघून गेली.

वहिनींनी गाडी कडेला घेतली. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून त्यांवर कपाळ टेकलं, आणि मी त्यांना पहिल्यांदा हुंदके देताना ऐकलं. मी पाठीवर हात ठेवला. गाणं चालूच होतं.

‘हे आज गेले हो, वन्सं,’ त्या म्हणाल्या.