गरज पडल्यास

माझे अप्पा राहतात त्या जागेला वृद्धाश्रम म्हणायचं नाही, हे मला पहिल्याच दिवशी बजावण्यात आलं. ती ‘रेसिडेन्स’ आहे. तिथले म्हातारे ‘गेस्ट’ आहेत. स्मृतिभ्रंश झालेल्या गेस्टांना ज्या मजल्यावर कुलपात ठेवतात त्याचं नाव ‘गार्डन विंग’. बाग खाली आहे, पण खिडकीतून छान दिसते. मॅनेजर पूर्वी हॉटेलात होता, त्यामुळे तो वाईट बातमीसुद्धा आज स्वयंपाक्यानं काय खास केलंय अशा थाटात सांगतो.

अप्पांनी उभं आयुष्य जॉर्ज टाउन या जुन्या व्यापारी पेठेतल्या एका मसाल्याच्या पेढीवर कारकुनी केली. आम्ही तंजावरकडचे मराठी. घरात आमची ती जुनी, तमिळ हेलाची मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. शिकायला मी काही वर्षं पुण्यात होते, म्हणून मला ही अशी मराठी लिहिता येते. अप्पा तिला ‘रेडिओची भाषा’ म्हणायचे. आई गेल्यावर ते अण्णा नगरला माझ्याकडे राहायला आले. पुढे विसरभोळेपणा वाढला, डॉक्टरांनी त्याला आजाराचं नाव दिलं, आणि एक दिवस अप्पा घरातून नाहीसे झाले. सापडले ते जुन्या पेढीच्या दारात. तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात. दुकान उशिरा उघडल्याबद्दल अप्पा मालकाला झापत होते आणि मालक बिचारा माफी मागत होता. त्यानंतर त्यांना एकटं ठेवणं शक्य नव्हतं. माझी नोकरी शहराबाहेर सिरुसेरीला, म्हणून तिथून जवळची ही रेसिडेन्स.

अप्पांचा आजार सकाळी फार सभ्य असतो. ऊन उतरायला लागलं की त्यांना पेढीवर जायचं असतं. शर्टाची बटणं वरपर्यंत लावून ते दाराशी उभे राहत आणि “मी जाऊलालों, माल आलाय” असं सांगून दार हलवत. दार उघडत नाही म्हटल्यावर आवाज चढायचा. इतर गेस्टांना त्रास होतो, असं मॅनेजर मला आठवड्यातून एकदा तरी फोन करून अतिशय नम्रपणे कळवत असे.

मग एकाएकी हे फोन बंद झाले. अमेरिकेतल्या दादानं व्हिडिओवर अप्पांना पाहिलं आणि म्हणाला, “किती शांत दिसतायत! जागा चांगली निवडलीस तू.” दादानं माझी स्तुती करण्याची ही पहिलीच वेळ. मी ती जपून ठेवली.

शनिवारी गेले तर अप्पा खुर्चीत बसले होते. हनुवटी छातीला टेकलेली, सदऱ्यावर लाळेचा ओला डाग. हाक मारली तेव्हा डोळे अर्धे उघडले. हातात कॉफीचा पेला दिला तर तो धरवेना. त्यांनी मला ओळखलं नाही, पण त्याची मला सवय झाली होती. एरवी ओळखलं नाही तरी ते निदान “कोण गं बाई तू?” असं दरडावून विचारत. आता त्यांना तेही जाणून घ्यायचं नव्हतं.

मी मॅनेजरकडे गेले. काहीतरी लपवलं असेल आणि ते मला खणून काढावं लागेल, अशी माझी समजूत. पण त्यानं गवती चहा मागवला आणि स्वतःहून सांगितलं, “मॅडम, आपण सरांना आता एक छोटी गोळी देतो. बघा ना किती छान सेटल झालेत.”

“कुणी सांगितली ही गोळी?”

“आपले व्हिजिटिंग डॉक्टर. गरज पडल्यास द्या म्हणाले.”

“आणि गरज कधी पडते?”

“रोज,” तो प्रसन्नपणे म्हणाला. “संध्याकाळी. कधीकधी सकाळीसुद्धा.”

गरज पडत होती यात शंकाच नाही. फक्त ती अप्पांना पडत नव्हती. संध्याकाळी त्या मजल्यावर माणसं कमी असतात, आणि गोळी रजा मागत नाही.

“मला विचारलं का नाही?”

“तुम्हाला टेन्शन कशाला, मॅडम?”

मी त्या गोळीचं नाव लिहून घेतलं आणि अप्पांना गाडीत घालून वृद्धांच्या आजारांवर काम करणाऱ्या एका डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी अप्पांना उभं केलं, चार पावलं चालवलं, आणि ते तोल जाऊन कलले तसं धरलं. नाव वाचून म्हणाल्या, “ही मनोविकाराची गोळी आहे. अप्पांना भयंकर भास होतात? कुणाच्या अंगावर धावून जातात?”

“नाही. पेढीवर जायचं म्हणतात.”

“त्याला गोळी नाही.” मग मला विद्यार्थ्यासारखं समोर बसवून त्यांनी सांगितलं, की या वयात, या आजारात अशा गोळ्यांनी माणूस पडतो, पक्षाघाताचा धोका वाढतो. अगदीच लागली तर कमीत कमी, थोडे दिवस, पुन्हापुन्हा तपासून द्यायची. आणि कायद्यालाही यात बोलायचं असतं. रुग्णाला काय देतोय ते त्याला सांगावं लागतं. त्याला स्वतःला ठरवता येत नसेल, तर त्याच्या वतीनं ठरवणाऱ्या माणसाला सांगून संमती घ्यावी लागते. “माणूस गप्प बसावा म्हणून दिलेली गोळी हा उपचार नव्हे. पलंगाला बांधण्यात आणि यात फरक एवढाच, की दोरी दिसत नाही.”

गोळी एकदम तोडायची नव्हती, हळूहळू उतरवायची होती. ते कसं, हे त्यांनी लिहून दिलं.

रात्री दादाला फोन केला. त्याचं म्हणणं सरळ होतं. “ते शांत आहेत, तू शांत आहेस, तिथली माणसं शांत आहेत. मध्येच तुझा हा कायदा कशाला?”

“दादा, ते शांत नाहीत. ते झोपलेत.”

“झोपेत सुखी असतील ना?”

एवढ्या लांबून सुख फार स्पष्ट दिसतं. मी फोन ठेवला.

मॅनेजरला दुसऱ्या दिवशी सांगितलं, की यापुढे मला आणि डॉक्टरबाईंना विचारल्याशिवाय अप्पांना झोपेची किंवा डोक्याची एकही गोळी द्यायची नाही, नाहीतर मी सरकारकडे लेखी तक्रार करणार आहे. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू पहिल्यांदाच मावळलं. “मॅडम, आपण इथे एक फॅमिली आहोत,” तो म्हणाला. मी म्हटलं, “म्हणूनच तर तोंडी सांगतेय.”

अप्पा हळूहळू परत आले. आधी मान वर आली, मग पाय टेकायला लागले, मग जीभ चालू झाली. नीट बोलले ते पहिलं वाक्य कॉफीबद्दल होतं: “हे काय पाणी आहे?” मला तिथल्या तिथे रडू आलं आणि अप्पांना वाटलं कॉफी मी केली होती. “असू दे, असू दे,” त्यांनी माझी समजूत घातली, “उद्या नीट कर.”

दाराशी उभं राहणंही अर्थात परत आलं. डॉक्टरबाईंच्या सांगण्यावरून मी हट्टच धरला, तेव्हा कुठे संध्याकाळी त्यांना खाली बागेत फिरवायला एक माणूस मिळाला. बागेत माणसांना नेता येतं हा शोध रेसिडेन्सला नवा होता. आता तो त्यांच्या जाहिरातीत आहे.

डिसेंबरात दादा आला. अप्पांनी त्याला निरखून पाहिलं, हमाल उशिरा आला असं ठरवलं, आणि बागेतल्या सगळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या त्याला एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे हलवायला लावल्या. दादा घामाघूम. एक खुर्ची वाकडी ठेवली म्हणून बोलणीही खाल्ली. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “आधी बरे होते गं.” पण तेवढ्यात अप्पांनी हाक मारली आणि तो गेला. निघताना अप्पांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, “चांगलं काम केलंस रे. जेवून जा.”

सगळं छान झालं असं नाही. परवा अप्पांनी माझा हात झटकला आणि मनगटावर नख लागलं. कुणीतरी हे मॅनेजरला सांगितलं असावं, कारण माझी गाडी फाटकाबाहेर पडायच्या आत त्याचा काळजीनं ओथंबलेला फोन आला: आता तरी एक अगदी लहानशी गोळी? मी नाही म्हटलं. डॉक्टरबाईंना कळवलं तेव्हा त्या म्हणाल्या, की पुढे एखादे दिवशी खरंच हो म्हणावं लागेल. अप्पाच घाबरायला लागतील, त्यांनाच सोसवणार नाही. तेव्हा आधी त्यांना बघू, मग ठरवू, आणि अप्पांनाही सांगू, त्यांना कळो न कळो. मला ते पटलं. दुसऱ्या दिवशी मनगटाला पट्टी लावून गेले, तर अप्पांनी ती पाहिली आणि विचारलं, “कोण गं ते? कुणी मारलं तुला?”