गोळी दाखवणारे सर

"झोप कशी लागली?" हा त्यांचा नमस्कार. गाडीच्या ड्रायव्हरला, चहावाल्याला, मला, सगळ्यांना हाच प्रश्न. एकदा संगणकाच्या पडद्यावर परदेशातले मोठे प्राध्यापक आले, त्यांनाही सरांनी इंग्रजीत तेच विचारलं. प्राध्यापक इतके खूश झाले की बैठक त्यांच्या झोपेवरच संपली.

मन कधी आभाळाला टेकतं, कधी पार तळाला जातं, हा आजार काही घराण्यांतच का उतरतो आणि कोणाला कुठलं औषध लागू पडतं, हे शोधण्याचा आमचा प्रकल्प. पुण्याचं एक रुग्णालय, एक परदेशी विद्यापीठ आणि लोणावळ्यातली आमची एक खोली. याला सहकार्य म्हणतात. म्हणजे डोकं त्यांचं, रक्त मावळचं. ते रक्त काढणारी नर्स मी, आणि घरोघर फिरून माणसं तयार करणारे समाजसेवक म्हणजे सर.

माणसं काही तयार होत नव्हती. इंदुरी गावच्या एका आबांचंच बघा. त्यांचा मुलगा कंपनीत कामाला. एकदा भरात येऊन तीन मोटारसायकली बुक करून आला, आणि पुढे महिनोन्‌महिने अंथरुणातून उठेना. आबा मात्र दारातच म्हणाले, "आमच्यात तसलं कुनालाबी न्हाई. पोरीची सोयरीक जमत आलीय."

सर ओट्यावर बसले आणि खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. "आबा, मलाही हाच आजार आहे. ही गोळी रोज घेतो मी."

रक्ताच्या नळ्या घेऊन मी शेजारीच उभी होते. इतकी वर्षं एका गाडीतून फिरून मला याचा पत्ता नव्हता.

आबांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली. "लगीन झालंय तुमचं?"

"झालंय. बायकोला आधी सांगूनच केलं."

"आन् तिनं केलं?"

"केलं. आता पस्तावते, पण त्याची कारणं वेगळी आहेत."

आबा हसले, आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. मुलगा त्याच आठवड्यात रुग्णालयात गेला. सोयरीकही मोडली नाही. मग नवलाख उंबरे गावातही दारं उघडायला लागली. सर पट्टी दाखवत, लोक आत लपवलेलं माणूस दाखवत.

बातमी पडद्यापर्यंत पोचली. त्या दिवशी बैठकीचा विषय होता, लोक हा आजार का लपवतात. सगळ्यांनी सरांच्या धैर्याचं कौतुक केलं. कौतुक फारच लांबलं तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. मग कोणीतरी हळूच म्हणालं, की संशोधकालाच आजार असेल तर निष्कर्षांवर बोट ठेवलं जाईल, शिवाय त्यांच्या तब्येतीलाही ताण नको. सरांना सन्मानाने मोकळं करण्यात आलं. हवं तर रुग्ण म्हणून प्रकल्पात यावं, अशी उदार सूचनाही आली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी भडाभडा बोलले. माझं झाल्यावर पडद्यावरून कोणीतरी म्हणालं, "सिस्टर, तुमचा माइक बंद आहे."

"बढतीच झाली की," सर मला म्हणाले. "आता सगळे माझी काळजी घेणार." त्या संध्याकाळी मात्र त्यांनी कोणालाच झोपेचं विचारलं नाही.

त्यांच्या जागी एक हुशार तरुण आला आहे. परवा आम्ही बेडसे गावात एका मावशीकडे गेलो. तिची सून दाराआड बसून होती. तरुणाने आजाराची माहिती छान समजावली. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमी कंची गोळी घेता?"

"मी? छे, मला काही नाही."

"मग ज्ये घेत्यात त्येनला धाडा की. त्येंच्याम्होरं बोलंल ती."

तो माझ्याकडे बघायला लागला. सर येतात, असं मी मावशीला सांगू शकले असते. ते खोटंही नाही. मधूनमधून ते आमच्या खोलीत येतात, बाही वर करतात, मी रक्त काढते आणि नियमाप्रमाणे त्यांच्या नळीवर नावाऐवजी नंबर लिहिते.